दोन लॅपटॉप आणि एकादशी

"यंदा छापील पंचांग आणायचं नाही, मी प्रोग्राम लिहिलाय," असं सांगत मी अख्ख्या कुंभकोणमात मिरवलो. आमच्या घरात एकादशी कडक, कॉफीचा थेंबसुद्धा नाही. माझ्या लिनक्सच्या लॅपटॉपवर प्रोग्राम म्हणाला, सोमवार. बायकोच्या लॅपटॉपवर तोच प्रोग्राम कंपाइलच होईना, म्हणजे सुरूच होईना. तिथं तारखेचं फंक्शन वेगळं, फाइलींची नावं वेगळी. सोमवारी उपाशीपोटी ते सगळं जुळवलं, तर तो म्हणाला, मंगळवार.

मी उडीच मारली. "मधुमिता, आज एकादशी नाहीच! डोशाचा तवा ठेव!"

"चूक कुठल्या लॅपटॉपची?"

"ते शोधावं लागेल."

"मग सापडेपर्यंत दोन्ही दिवस उपास. नाहीतर तिरुविडैमरुदूरला माझ्या आईला फोन करून विचारते."

"अय्यो, नको! त्यांनाही हाच प्रोग्राम पाठवलाय मी. सगळी गल्ली हसेल."

मंगळवारभर खालच्या मेसमधून सांबाराचा वास येत होता आणि मी प्रोग्रामची एकेक ओळ तपासत होतो.

बुधवारी सकाळी बायकोनं उपास सोडायला पानं मांडली, गरम भात वाढला आणि तेवढ्यात मला चूक सापडली. तिथी ठरते सूर्योदयावरून, आणि एका लॅपटॉपवर प्रोग्राम अमेरिकेचा सूर्योदय धरत होता, दुसऱ्यावर लंडनचा. दोन्हीकडे कुंभकोणमचा लावला. मग मोठ्या ऐटीत दोन्ही लॅपटॉप बायकोपुढे ठेवून बटण दाबलं. दोन्हींवर अखेर एकच वार आला.



बुधवार.