आवरलेला कोपरा

आमच्या हॉस्टेलच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. खिडकीजवळचा एक कोपरा मात्र आम्ही लख्ख ठेवला होता. ताणलेली चादर, जाडजूड पुस्तक आणि वाडग्यात प्लास्टिकची फळं. पाच देशांची पोरं रांग लावून तिथूनच घरी व्हिडिओ कॉल करायची.

"शहाणा झालास रे तिकडे जाऊन! इथे साधी घडी घालत नव्हतास," आई रोज घरच्या सोफ्यावर बसून कौतुक करायची.

सुट्टीत न कळवता घरी पोहोचलो. घरभर पसारा, सोफा तेवढा चकाचक, आणि त्याच्यापुढे बिल्डिंगमधल्या चार काकू फोन घेऊन रांगेत.


आई वैतागली. "कळवून यायचंस ना! आता ह्यांच्या मुलांचे फोन आटोपेपर्यंत उभाच राहा."