झाडाला वाफ

“उद्या बादलीत मगर आणून ठेवणार का?” सासऱ्यांनी बाथरूमच्या उंबऱ्याबाहेरूनच विचारलं.

सून खिडकीच्या कट्ट्यावर कुंडी बसवत होती. घटपर्णी होती ती, किडे खाणारी. रोपवाटिकेत नाव नोंदवून वर्षभर वाट पाहिली तेव्हा कुठे हे दुर्मीळ रोप हाती लागलं होतं. आलं तेव्हा पानांच्या टोकांना दोन ऐटबाज घट लटकत होते, झाकणासकट. बाहेरच्या खोलीतल्या कोरड्या हवेत दोन्ही वाळून गेले. आता नव्या पानाच्या टोकाला एवढंसं बोंड धरलं होतं, त्याचाच पुढे घट व्हायचा. पण तेही काळवंडायला लागलं होतं आणि तिचा जीव त्यात अडकला होता.

“डोंगरावरच्या ढगांत वाढतं हे, बाबा. रोपवाटिकावाले म्हणाले, रोज थोडा वेळ वाफेत ठेवा, नाहीतर नाद सोडा.”

“मग दे की वाफ. अडवलंय कोणी?”

“कुठून देऊ? तुमचे चिरंजीव कावळ्याची आंघोळ करून पळतात. मी दुकानाच्या घाईत दोन मग अंगावर ओतते. आपल्या बाथरूममध्ये हल्ली आरशावरसुद्धा वाफ धरत नाही.”

बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

आरशावर वाफ धरायची ती सासऱ्यांच्या आंघोळीने. आत गेले की तासभर बाहेर यायचे नाहीत, मुलगा दार बडवून बडवून थकायचा. मग एका सकाळी ते आत घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण धीर मोडला. तेव्हापासून खोलीत बसून ओल्या फडक्याने अंग पुसायचे. मुलाने भिंतीला दांडी बसवली, खाली रबराची चटई घातली, हातापाया पडून झालं, आवाज चढवून झाला. सासऱ्यांनी उंबरा ओलांडला नाही. खालच्या बाकावरच्या मित्रांकडे जाणंही त्यांनी बंद केलं. आपल्या अंगाला वास येतो हे त्यांना कळत होतं, आणि कळतं हे घरातल्यांनाही ठाऊक होतं. त्या विषयावर आता कोणी तोंड उघडत नसे. ताठ मानेचा माणूस डोळ्यांदेखत खोलीत मिटत चालला होता.

सून उगाचच कुंडी इकडची तिकडे करत राहिली.

“ती खिडकी आधी लाव,” सासरे म्हणाले. त्यांची अख्खी नोकरी कारखान्याच्या बॉयलरवर गेली होती. “वाफ कोंडावी लागते. उघड्यावर काय, चहालाही येते.”

तिने खिडकी लावली. गरम पाण्याचा नळ सोडला. बादलीतून वाफ उठली, आणि दारातून थेट सासऱ्यांच्या चष्म्यावर गेली.

“सगळी बाहेर चालली,” ते चष्मा पुसत म्हणाले. “दार लावून घे.”

“लावते. पण आत कोणीतरी बसायला हवं ना, नळ बघायला. मला दुकान गाठायचंय. आज चष्म्याच्या काचा घासून द्यायच्यात, गिऱ्हाईक येऊन बसेल.”

सासरे चटईकडे बघत राहिले. मग दांडीकडे. मग त्या काळवंडलेल्या बोंडाकडे. तिला हात पुढे करावासा वाटला, पण तो झिडकारला जातो हे ती शिकली होती. तिने नळ थोडा बारीक केला, एवढंच.

“स्टूल आण,” ते म्हणाले. “आणि आधीच सांगून ठेवतो, मी आंघोळीला जात नाहीये. बसणार, झाडाचं बघणार आणि उठणार.”

“मी कुठे काय म्हटलं?”

तिने स्टूल आणून भिंतीशी टेकवलं आणि बाजूला झाली. त्यांनी दांडी धरली. पाय उचलला, परत खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग सदरा-पायजम्यासकट आत जाऊन स्टुलावर बसले, तेव्हा त्यांचा श्वास बाहेर ऐकू येत होता. तिने दार ओढून घेतलं. आतून कडी मात्र त्यांना लावू दिली नाही.

पर्स खांद्याला लावून ती दाराबाहेरच उभी राहिली. दुकानात फोन केला, उशीर होईल म्हणाली. मालकांनी कारण विचारलं.

“सासरे झाडाला वाफ देतायत,” ती हळूच म्हणाली. मग मालक म्हणाले, बरं.

आतून सासऱ्यांचा आवाज आला. “बघतोयस काय असा? वाफेला कोणी घाबरतं का?”

झाडाने काय उत्तर दिलं कोण जाणे. नळ जोरात सुरू झाला, मग बंद. स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. तिने दाराला हात लावला. ढकलावं तर ते दुखावणार, न ढकलावं आणि ते पुन्हा पडले असले तर?

“गेलीस का गं?”

“नाही बाबा, इथेच आहे.”

“टॉवेल आण. सदरा तर भिजलाच आहे, आता एवढ्यासाठी...” पुढचं पाण्याच्या आवाजात बुडालं. मग आणखी एक मग ओतल्याचं ऐकू आलं, आणखी एक, आणि त्या आवाजावर आवाज चढवून सासरे ओरडले, “आणि साबण कुठे ठेवता हल्ली तुम्ही लोक?”