खाडीकाठची एकच हाक

नाट्यगृहामागच्या उद्यानात शरयूमावशी भाचीबरोबर पोचल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. खाडीच्या पाण्यावर यंत्रांनी धुकं सोडलं होतं आणि त्या धुक्यात माणसं उभी होती. कधीकाळी या काठावर फिरून गेलेली, आता हयात नसलेली. जुन्या कॅमेऱ्यांतल्या चित्रांवरून उद्यानाने ती पुन्हा घडवली होती.

"मावशी, हाक एकदाच मारता येते हं," ऋजुता म्हणाली. "हाक ऐकली की माणूस वळतो, दोन शब्द बोलतो. काकांचं नाव नीट घे. लाजू नकोस."

"या वयात लाजते कशाला? लग्नकार्यात उखाण्यात घेतलंय की!"

तेवढ्यात तिसऱ्या दिव्याखाली त्यांना ती पाठ दिसली. किंचित वाकलेली, काखेत छत्री. नऊ वर्षांनी दिसत होती. नाव मावशींच्या ओठांपर्यंत आलं, पण बाहेर पडली ती सेहेचाळीस वर्षांची सवय.

"अहो!"

धुक्यातले सगळे पुरुष एकदम वळले. टोपीवाले, सफारीतले, काठी टेकणारे, शेकड्यांनी.

"काय गं?" सगळ्यांनी एका आवाजात विचारलं आणि पाण्यावरून चालत ते मावशींकडे येऊ लागले.

ऋजुताने घाबरून त्यांचा हात धरला. मावशी मात्र त्या गर्दीच्या पलीकडे पाहत होत्या. छत्रीवाली ती एकच पाठ वळली नव्हती. पहिल्या हाकेला काकांनी जन्मात कधी ओ दिली नव्हती.