दुसऱ्या गिअरवर

डांबरी रस्ता संपला आणि मास्तरांनी हात पुढे केला. "थांबव आता. इथून पुढे मी चालवतो."

धाकटीने गाडी थांबवलीच नाही. "वरपर्यंत मीच नेणार, बाबा. निघताना कबूल केलंत." लायसन्स मिळून तिला वर्षं झाली होती, पण कच्च्या रस्त्यावर बाबांनी स्टिअरिंग कधी हाती दिलं नव्हतं.

समोर ज्वालामुखीचा उघडाबोडका डोंगर. सगळीकडे काळी राख, चिटपाखरूसुद्धा नाही. मास्तर म्हणजे अर्ध्या गावाला गाडी शिकवलेला माणूस. शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाशी त्यांचा वेगळा ब्रेक असे. या गाडीत तो नव्हता, तरी पाय आपला दर वळणाला दाबतच होता.

"पाय आवरा," मागून आई म्हणाली. "गाडीला भोक पडेल."

चढ लागला. चाकं राखेत फिरली आणि गाडीचं बूड डावीकडे सरकलं. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

"ब्रेक! अगं, ब्रेक मार!"

"मारला की रुतलोच! भुसभुशीत चढावर थांबायचं नाही, हे मला शिकवलं कुणी?"

शिकवलं मास्तरांनीच होतं, पण पोरीने ते असं ऐन वेळी तोंडावर मारावं!

धाकटीने दुसरा गिअर सोडला नाही. वेग वाढवला नाही, कमीही केला नाही. गाडी कण्हतकुंथत वर चढत राहिली आणि एकदम समोर नुसतं आभाळ. पोचले!

"अगं बाई! अगं बाई गं!" आईच्या तोंडून दुसरं काही निघेना. खाली भलामोठा खड्डा, तळाशी हिरवंगार तळं, कडेकडेने वाफा. धाकटी आईच्या गळ्यात पडून खिदळत होती. "आणली की नाही? आणली की नाही मी?"

मास्तर मात्र खड्ड्याकडे पाठ करून उभे. काळ्या उतारावर चाकांच्या दोन रेघा पायथ्यापासून थेट त्यांच्या पायापर्यंत आल्या होत्या. एके ठिकाणी जरा वाकड्या, पण कुठेही तुटलेल्या नाहीत. मोबाइलवर त्या रेघांचे फोटोमागून फोटो काढणं चालूच.

"अहो, ज्वालामुखी इकडे आहे!" आई ओरडली. "एवढ्या लांब कशासाठी आलो आपण?"

"बघतो गं," मास्तर मान न वळवता म्हणाले. "तो काय कुठे पळून जातोय?"