नावांची सूची

“अख्ख्या पुस्तकात एकही नाव नाही, आणि तुम्ही नावांची सूची नऊ पानांची केलीत?” प्राध्यापक दारातूनच गरजले. हातातली कागदांची गुंडाळी ते हवेत नाचवत होते.

“आधी आत तर या, सर. भर दुपारी जिन्यात तत्त्वज्ञान नको. शेजारी झोपलेत,” सूचीवाल्या बाई म्हणाल्या.

प्रकाशक त्यांना सूचीवाल्या बाईच म्हणत. पुस्तकात कोणाचं म्हणणं कोणत्या पानावर आलंय, याची शेवटी छापायची यादी करणं हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. गुरांच्या आजारांपासून कायद्याच्या पुस्तकांपर्यंत सगळ्याच्या याद्या त्यांनी केल्या होत्या. तत्त्वज्ञानाच्या इतिहासाच्या सात जाडजूड खंडांचीही. त्या खंडांपायी त्यांच्या चष्म्याचा नंबर दोनदा वाढला होता, पण त्यातलं फारसं काही त्या विसरल्या नव्हत्या.

प्राध्यापकांचा विषय फिनॉमिनॉलॉजी. म्हणजे, ते वर्गात सांगत त्याप्रमाणे, एखादी गोष्ट आपल्याला जशी जाणवते तशीच्या तशी सांगायची. तिच्याबद्दल आधी कोण काय म्हणून गेलं ते बाजूला ठेवायचं. तत्त्वज्ञानाचा इतिहास शिकवायला त्यांनी विभागात साफ नकार दिला होता. हे पुस्तक लिहायला त्यांना अठरा वर्षं लागली होती आणि त्यात त्यांनी एकाही तत्त्ववेत्त्याचं नाव येऊ दिलं नव्हतं. पुस्तक उद्या छपाईला जाणार होतं.

बाईंनी बुटाच्या खोक्यातून कार्डं काढली.

“पान चौदा. काहीही गृहीत न धरता पहिल्यापासून सुरुवात करायची. हे चारशे वर्षांपूर्वी एकानं केलंय, शेगडीच्या उबेला बसून. पान साठ. काळ म्हणजे आपल्याच मनाचं ताणलं जाणं. हे सोळाशे वर्षांपूर्वीच्या एका बिशपचं.”

“पण मी कुणाचं काही घेतलेलं नाही! मी सगळा इतिहास बाजूला ठेवलाय!”

“हो ना. त्याचीही वेगळी नोंद केलीय. ‘इतिहास बाजूला ठेवणारे’. तुमच्या आधी अकरा जण आहेत.”

प्राध्यापक मटकन खुर्चीत बसले.

“म्हणजे माझं त्यात काहीच नाही?”

आवाज इतका बारीक झाला होता, की बाईंना कसंसंच झालं.

“असं कुठं म्हटलं मी? दोनशे एक ते दोनशे सात. आठ दिवस शोधतेय. सातही खंड पालथे घातले, पण त्या पानांना मालक सापडेना. आणि नेमकी तीच तुम्ही पेन्सिलीनं खोडलीत.”

“अहो, त्यात कसलं आलंय तत्त्वज्ञान! ते आपलं घरगुती.”

“घरगुती तर घरगुती. सांगा तरी.”

प्राध्यापकांनी आढेवेढे घेतले, आणि मग सांगितलं. सहा वर्षांपूर्वी त्यांचा धाकटा भाऊ दुसऱ्या गावी नोकरी लागली म्हणून घर सोडून गेला. लहानपणापासून दोघं त्याच घरात राहिलेले. भावाचं कपाट लिफ्टमध्ये मावेना. दोघांनी मिळून ते चार मजले खाली उतरवलं. भाऊ खालच्या टोकाला, हे वरच्या, मध्ये कपाट. एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं. पण तो दमलाय हे लाकडातून हाताला कळत होतं. त्यानं एक हात सोडून घाम पुसला, तेही कळलं. दुसऱ्या माणसाचं मन आपल्याला कसं कळतं, यावर त्यांनी जे काही लिहिलं होतं ते त्या जिन्यावरून.

“दुसऱ्या मजल्यावर कपाट थरथरायला लागलं,” प्राध्यापक म्हणाले. “तो हसत होता. घर सोडून चाललाय आणि हसू आवरत नाहीये! माझ्या तर हातातलं बळच गेलं.”

“मग?”

“मग काय? टेम्पोत बसून गेला. हसत गेलेल्या माणसाला फोन कशाला करायचा? मी नाही केला. त्यानंही नाही.”

बाईंनी एक कोरं कार्ड पुढे घेतलं.

“ही सात पानं कुणाच्या नावावर घालू?”

‘माझ्या’ म्हणायला प्राध्यापकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. “माझं घाला,” ते थांबून म्हणाले, “आणि त्याचंही. एकट्यानं कपाट उतरलं नसतं.”

“मग त्याला विचारून घ्या. माझ्या बाकीच्या मंडळींना विचारायची सोय नसते. हा तरी जिवंत आहे.”

प्राध्यापकांनी मोबाइल काढला, खिशात ठेवला, पुन्हा काढला. बाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि धुतलेल्या कपबशा परत धुवायला लागल्या.

फोन लगेच उचलला गेला. प्राध्यापकांनी कसा आहेस वगैरे काही विचारलं नाही. “एक वाचून दाखवतो, मध्ये बोलू नकोस,” एवढंच म्हणाले आणि सातही पानं वाचली. वर्गात वाचतात तशी सुरुवात केली होती. दुसऱ्या मजल्यापर्यंत येता येता ती ऐट गेली.

वाचून झालं.

“सगळं बरोबर लिहिलंयस,” पलीकडून भाऊ म्हणाला. “फक्त दुसऱ्या मजल्यावर मी हसत नव्हतो रे, दादा.”