दीड किलोमीटर खडक

बंद पडलेल्या खाणीच्या तळाशी न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण टिपणारं नवं यंत्र उभं राहत होतं आणि मावशी त्याचे भोपळ्याएवढे काचेचे गोळे एकेक करून पुसत होत्या. शास्त्रज्ञ पाहुण्यांना कौतुकाने सांगत होते, "डोक्यावर दीड किलोमीटर खडक आहे. न्यूट्रिनो वगळता वरचं जवळजवळ काहीच इथवर पोचत नाही."

मावशींनी घोगऱ्या आवाजात विचारलं, "माणसाची हाकसुद्धा नाही?"

"छे हो, मावशी! वर तोफा डागल्या तरी इथे पत्ता लागायचा नाही."

"बरं," म्हणून मावशींनी पुढचा गोळा पुसायला घेतला.

पूर्वी हीच खाण कोसळली तेव्हा आत अडकलेल्या नवऱ्याला त्या वरून चार दिवस ओरडून सांगत होत्या, "अहो, मी इथेच आहे." घसा बसला तो तेव्हाच.