थावीची गुडघेदुखी

नोम पेन्हला नदीकाठी संध्याकाळी गाणी लागली, की साठीची थावी पहिल्या रांगेत नाचायची. घरी मात्र तिचे गुडघे इतके ठणकायचे, की भाताचं पातेलंसुद्धा जावईच चढवायचा. आज गिरकी घेताना तिला मागच्या रांगेत लेक उभी दिसली, आणि ती लंगडत तिच्याजवळ गेली.

"सोरिया, अगं, डॉक्टरच म्हणाले, थोडी हालचाल..."

"पुरे, आई! महिनाभर बघतेय मी तुझे गुडघे."

"मग नवऱ्याला सांगितलं नाहीस ते?"

"काय सांगू? कुठे पाहिलं म्हणून?" सोरियाने कपाळावरचा घाम पुसला. "या वेळी मी ऑफिसात जादा काम करत असते ना!"